गारवड्या: विदर्भाच्या उन्हाळ्यात कुत्र्याला शिकवण्यासाठी घरी गोठवलेला खाऊ

माझा कुत्रा मोती गेला तेव्हा मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून त्याला हाका मारत होते. रात्रीची जागल होती, रानडुकरांचा कळप तुरीत शिरला होता आणि मोती त्यांच्यामागं सुसाट सुटला होता. शेजारच्या शिवारात कुणीतरी कुंपणाच्या तारेत करंट सोडलेला होता. माझी हाक त्याच्या कानावर पडत होती हे मला पक्कं माहीत आहे, कारण एकदा त्यानं मान वळवून बघितलंही होतं. पण हाकेला परत फिरायचं असतं हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

पुढच्या पोळ्याला बिजली घरी आली. दोन महिन्यांचं गावठी पिल्लू, एक कान उभा, एक पडलेला. तेव्हाच ठरवलं की बाकी काही आलं नाही तरी चालेल, पण ‘ये’ म्हटलं की ही आलीच पाहिजे. थंडीत भाकरीच्या तुकड्यावर छान शिकली. फाल्गुन सरला, ऊन तापलं आणि भाकरी तिला नकोशी झाली. उन्हाळ्यात कुत्र्याची भूक मंदावते, कोरडं काही तोंडात घेववत नाही. बिस्कीट पुढं केलं की नुसतं हुंगायची आणि कडुनिंबाच्या सावलीत जाऊन पडायची. उकडलेलं चिकन आवडायचं, पण एप्रिलमध्ये ते खिशात तासभरसुद्धा चांगलं राहत नाही.

गोठवलेल्या वड्यांचा उद्योग तिथून सुरू झाला. आमच्या घरात त्यांना गारवड्या म्हणतात. नीट जमायला दोन उन्हाळे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

१. वडी केवढी हवी

हरभऱ्याच्या दाण्याएवढी. फार तर एक सेंटीमीटर लांब-रुंद. नवीन माणूस पहिल्यांदा बर्फाच्या ट्रेमधला अख्खा ठोकळा देतो, मीही दिला होता. त्यात दोन तोटे आहेत. एक म्हणजे कुत्रं तो चघळत दोन मिनिटं बसून राहतं आणि शिकवणं तिथंच थांबतं. दुसरं म्हणजे दगडासारखा बर्फ दाढेनं फोडताना दात तडकू शकतो. वडी अशी हवी की जिभेवर घेतली, गिळली आणि नजर परत तुमच्याकडं आली.

हा खाऊ आहे, जेवण नाही. दिवसभराच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त खाऊ देऊ नये असा साधारण नियम आहे. पंधरा-वीस किलोच्या फिरत्या गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण ९०० ते १००० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊतून जास्तीत जास्त ९०-१००. एक मोठा चमचा शेंगदाण्याचं वाटण म्हणजे जवळजवळ तेवढ्याच कॅलरी झाल्या. उलट कोहळ्या-दह्याच्या पन्नास वड्यांत २०-२५ कॅलरी भरतात. म्हणून रोजच्या वड्या कोहळ्याच्या, आणि शेंगदाणा खास कामगिरीसाठी.

२. सामान

यातलं बहुतेक घरात असतंच:

– दहा इंची, काठ असलेलं सपाट स्टीलचं ताट. अर्धा लिटर मिश्रण ओतलं की बरोबर एक सेंटीमीटरचा थर बसतो. चारशेच्या वर वड्या निघतात, दोन-तीन आठवडे पुरतात.
– ताटात अंथरायला बटर पेपर, किंवा उभी चिरून, धुऊन, उन्हात वाळवलेली दुधाची पिशवी.
– सरळ कडेचं उलथणं.
– घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, फक्त याच कामाचा.
– रुंद तोंडाचा, दुहेरी भिंतीचा स्टीलचा थर्मास. अर्धा लिटरचा पुरे.
– दहा-पंधरा मीटरचा सुती दोर. तो शिकवण्याच्या वेळी लागेल.
– एक वाटी पाणी आणि एक नाणं. कशासाठी ते पुढं सांगते.

थर्मास नसेल तर गावातल्या मेडिकलवाल्याला विचारा. इन्सुलिनसारखी थंड ठेवायची औषधं त्यांच्याकडं थर्माकोलच्या छोट्या खोक्यांतून येतात, रिकामी खोकी मागितली की देतात. त्यात गोठवलेल्या पाण्याची छोटी बाटली ठेवली की काम भागतं. खोकं मात्र कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका.

आणि कुत्रं नवीन असेल तर शिकवायला बसण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या, जंताचं औषध द्या आणि लसीचं कार्ड जपून ठेवा. हातानं खाऊ भरवायचा म्हणजे बोटांना दात लागणारच.

३. काय अजिबात घालायचं नाही

पाककृती बिघडली तर वडी टाकून देता येते. इथली चूक तशी निस्तरता येत नाही, म्हणून पाककृतींच्या आधी हे वाचा.

कांदा आणि लसूण कुठल्याही रूपात नको. कच्चा, शिजलेला, तळलेला, पावडर, सगळंच वर्ज्य. त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळं घरातल्या भाजीचा रस्सा किंवा रविवारच्या सावजी मटणाचं उरलेलं पाणी गोठवायचा मोह आवरा. त्यात कांदा, लसूण, मीठ, तिखट आणि तेल असं सगळंच असतं.

द्राक्षं, मनुके आणि चिंच. द्राक्षानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, चिंचेचं कुणी सांगत नाही. द्राक्षातलं जे टार्टारिक आम्ल यामागं असल्याचं आता मानलं जातं, तेच चिंचेत भरपूर असतं. आपल्याकडं दर गावाच्या वेशीवर चिंचेचं झाड आहे आणि उन्हाळ्यात घरोघरी चिंच फोडायचं काम चालतं. तेव्हा गोळे झाकून ठेवा.

सरकी आणि सरकीची ढेप. कापसाच्या मुलखात ही हमखास होणारी चूक आहे. ढेपेत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होतं, कुत्र्याच्या पोटात होत नाही, आणि रोज थोडं थोडं पोटात गेलं तर हृदयावर परिणाम होतो. ‘गाईला चालते म्हणजे कुत्र्यालाही चालेल’ हा हिशोब इथं चुकतो. गोठ्यातलं ढेपेचं घमेलंही कुत्र्याला चाटू देऊ नका.

बुरशी धरलेले शेंगदाणे किंवा मका. पावसात भिजलेल्या शेंगा आपण माणसांसाठी बाजूला काढतो आणि जनावरांच्या पोत्यात टाकतो. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत खलास करतं. काळपट, हिरवट, खवट दाणा दिसला की तो उकिरड्यावरही टाकू नका, पुरून टाका.

चॉकलेट, चहा आणि कॉफी नको. शुगर-फ्री म्हणून मिळणाऱ्या गोळ्या, च्युइंगगम आणि काही तयार पीनट बटर यांत झायलिटॉल असू शकतं. त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. म्हणून शेंगदाण्याचं वाटण घरीच करा. मीठ, गूळ आणि साखर घालायची काहीच गरज नाही, कुत्र्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

शिजलेलं हाड तर कधीच नाही. शिजलं की त्याच्या सुयांसारख्या चिरफळ्या होतात.

४. चार वड्या

कोहळं-दही, रोजची वडी. आमच्याकडं कोहळं म्हणतात ते म्हणजे लाल भोपळा, ज्याची आपण बोंडं करतो. दोन वाट्या वाफवून कुस्करलेलं कोहळं, एक वाटी दही आणि अर्धी वाटी पाणी. गाठी राहू नयेत म्हणून रवीनं घुसळायचं. दही आंबट झालं असेल तरी चालतं. दुधापेक्षा दही बरं, कारण मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, दह्यात ती कमी झालेली असते. ही वडी गोठल्यावरही दगड होत नाही, दाताखाली भुसभुशीत लागते. पहिल्यांदा करताय तर हीच करा.

टरबूज-ताक, नवतपाची (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांची) वडी. नदीच्या वाळूतली टरबुजं निघाली की बाजारात ती मातीमोल असतात. बिया आणि साल काढून दोन वाट्या गर कुस्करायचा आणि दीड वाटी बिनमिठाचं घट्ट ताक मिसळायचं. नुसत्या टरबुजाच्या पाण्याची वडी फार कडक होते, ताकानं ती मऊ राहते. ही बनवायला सगळ्यात सोपी, वितळायलाही सगळ्यात आधी. त्यामुळं वावरात न्यायची नाही, अंगणातच द्यायची.

केळं-शेंगदाणा, खास वडी. दोन पिकलेली केळी, चार चमचे भाजलेल्या दाण्यांचं वाटण आणि वाटीभर पाणी. दाणे बिनमिठाचे, साल पाखडलेले, आणि तेल सुटेपर्यंत वाटलेले. नुसता भरड कूट केला तर वडीत धरत नाही, तुकडे पडतात. एका वडीत साधारण सव्वा कॅलरी असते, म्हणून दिवसाला पंधरा-वीस पुरेत. बिजलीनं माकडांच्या टोळीकडं पाठ करून माझ्याकडं यावं असं वाटतं तेव्हा माझ्या थर्मासात हीच असते.

पंज्यांची वडी. बाकी तिन्ही मिळून जे करतात ते ही एकटी करते. चिकनच्या दुकानात कोंबडीचे पंजे अगदी स्वस्तात मिळतात. अर्धा किलो पंजे आणायचे, नखं छाटायची, स्वच्छ धुवायचे आणि लिटरभर पाण्यात शिजवायचे. आत काही म्हणजे काही घालायचं नाही, हळदसुद्धा नाही. कुकरमध्ये मंद आचेवर पाऊण तास, चुलीवर तीन तास. पंज्यांतल्या कातडीचं आणि कूर्चेचं पाण्यात जिलेटिन उतरतं. झालंय की नाही ते बघायची खूण अशी: गार झालेल्या रश्श्याचा थेंब दोन बोटांत धरून बोटं उघडायची. चिकटून ओढ बसली की झालं.

मग बारीक चाळणीतून दोनदा गाळायचं. दोनदा म्हणते आहे, कारण पंज्याची हाडं बारीक असतात आणि एखादं निसटतंच. चोथा कुत्र्याला घालायचा नाही, उकिरड्यावरही नाही, खड्डा करून पुरायचा. रस्सा रात्रभर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवला की सकाळी त्याची थरथरणारी जेली होते आणि वर पिवळ्या चरबीचा पापुद्रा येतो. तो चमच्यानं काढून टाका. जास्त चरबीनं कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. उरलेली जेली कोमट करून ताटात ओता. या वड्या वितळल्या तरी थोडा वेळ लिबलिबीत का होईना आकार धरतात, बोटांतून पाण्यासारख्या निसटत नाहीत.

ज्यांच्या घरात हे चालत नाही त्यांनी अर्धा लिटर कोहळ्याच्या पातळ पाण्यात पाच ग्रॅम चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळून घ्यावा. किराणा दुकानात साध्या पांढऱ्या पट्ट्या मिळतात त्याच घ्या, साखर आणि रंग घातलेली जेलीची पाकिटं नकोत.

आमच्याकडंही हे सहज झालं नाही. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “कोंबडीचे पंजे अन् देवाचं दही एकाच फ्रीजात ठेवतं काय व?” त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून पंजे अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजतात, रस्सा झाकणाच्या डब्यात राहतो आणि त्या डब्याला लाल चिकटपट्टी आहे. कच्चं मांस घरच्या फ्रीजमध्ये उघडं ठेवू नये हे आरोग्याच्या दृष्टीनंही खरंच आहे. आता कोहळं वाफवायचं काम सासूबाईंकडंच असतं, आणि त्या माझ्यापेक्षा मऊ वाफवतात.

५. थापणं आणि पाडणं

ज्याला सांजोरी किंवा आलूपोहे जमतात त्याला हे जमेल, फक्त वेळ साधावी लागते.

ताटात बटर पेपर किंवा पिशवी अंथरा, कडा वर येऊ द्या. मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच ओता. गरम ताट बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर आजूबाजूच्या सगळ्या वस्तू घामेजतात आणि सगळं उशिरा गोठतं. ताट सपाट बसलंय ना ते बघा, नाहीतर एका बाजूच्या वड्या जाड आणि दुसरीकडच्या कागदासारख्या होतात.

एकदाराच्या फ्रीजमध्ये थर अर्धवट जमायला दीड-दोन तास लागतात. बोटानं दाबलं की कुल्फीसारखा दबतो पण बोटाला लागत नाही, ही पाडायची वेळ. आता उलथण्याच्या कडेनं दाबत उभ्या-आडव्या रेघा मारा. सुरी वापरू नका. पहिल्या खेपेला मी धारदार सुरीनं कापलं आणि खालची दुधाची पिशवी चिरली गेली. प्लास्टिकची पातळ चिंधी वडीला चिकटून बिजलीच्या पोटात गेली. दोन दिवस मी तिची विष्ठा काडीनं तपासत होते. सुदैवानं ती बाहेर पडली, पण आतडं अडलं असतं तर आमच्या गावातून रात्री कुठं नेणार होते? बटर पेपर असेल तर तोच वापरा.

रेघा मारून ताट परत आत ठेवा, रात्रभर. सकाळी कागदासकट थर बाहेर काढा आणि दोन्ही हातांनी पापड मोडावा तसा वाकवा, वड्या रेघांवर सुट्या होतात. हे काम दोन-तीन मिनिटांत उरका, मे महिन्यात त्यापेक्षा जास्त वेळ मिळत नाही. लगेच डब्यात भरा. डबाही आधीच फ्रीझरमध्ये ठेवून गार केलेला हवा, नाहीतर खालच्या वड्या एकमेकींना चिकटून एक गोळा होतो.

६. वीज

शहरातल्या माणसाला या पायरीची गरज नसेल, आपल्याला आहे. भारनियमन, वादळानं पडलेले खांब, कमी दाबानं कुंथणारा फ्रीज, हे सगळं उन्हाळ्यातच येतं.

वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवा. बर्फ झाल्यावर वर एक नाणं ठेवा आणि वाटी तिथंच राहू द्या. तुम्ही दिवसभर वावरात असाल, लग्नाला गेला असाल, परत आल्यावर आधी नाणं बघा. वरच आहे म्हणजे वड्या चांगल्या. नाणं बर्फात खाली रुतलंय किंवा तळाशी जाऊन वर पुन्हा बर्फ जमलाय, म्हणजे तुमच्या मागं सगळं वितळून परत गोठलं. त्या वड्या दिसायला छान दिसतील, पण टाकून द्या. विशेषतः पंज्यांच्या. जिवाणू वाढायला मांसाच्या रश्श्यासारखी दुसरी जागा नाही, आणि पुन्हा गोठवल्यानं ते मरत नाहीत.

वीज गेली तर फ्रीज उघडू नका. फ्रीझर भरलेला असेल तर थंडी जास्त टिकते, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. त्याच बाटल्या दुपारी थर्माकोलच्या खोक्यातही कामी येतात.

साठवण किती दिवस? चांगल्या गोठलेल्या कोहळ्याच्या वड्या महिनाभर, पंज्यांच्या दोन-तीन आठवडे. मी डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवते.

७. वावरात नेणं

थर्मासात बर्फाचं पाणी भरून पंधरा मिनिटं ठेवा, मग ओतून कोरडा पुसा आणि वड्या भरा. नुसत्या कोरड्या थर्मासात भरल्या तर पोलादाची उष्णता आधी वड्याच ओढून घेतात. अर्ध्याहून जास्त भरा, कमी वड्या लवकर वितळतात. झाकण प्रत्येक वेळी बंद करा. असं केलं तर सकाळी सहाला नेलेल्या वड्या आठ-साडेआठपर्यंत टणक राहतात.

खिशात नेऊ नका. हातात मूठभर घेऊन उभं राहणंही व्यर्थ, तळहाताच्या उबेनं मिनिटभरात पाणी होतं. एका वेळी एकच वडी काढायची.

उरलेल्या, मऊ पडलेल्या वड्या घरी आणून परत फ्रीझरमध्ये टाकायच्या नाहीत. तिथंच तिच्या वाटीत ओतून संपवा.

आणि वेळ पहाटेची किंवा दिवस कलल्यावरची. अकोला, वर्धा, चंद्रपूरकडं मेमध्ये पारा ४५च्या वर जातो, त्या उन्हात जमिनीवर हाताची पाठ पाच सेकंदही टेकवत नाही. तिथं कुत्र्याच्या पंजांचं काय होत असेल. नऊनंतर शिकवणं बंद.

८. ‘ये’ शिकवणं

एक खुणेचा शब्द ठरवा. माझा आहे ‘हां!’. कुत्र्यानं हवं ते केलं त्याच क्षणी तो म्हणायचा आणि एक-दोन सेकंदांत वडी द्यायची. थर्मासचं झाकण उघडायला वेळ लागतो, म्हणून हा शब्द लागतो. तिला कळतं की काम झालं, खाऊ येतोय. पहिले दोन दिवस फक्त ‘हां’ म्हणायचं आणि वडी द्यायची, दहा-बारा वेळा. दुसरं काही शिकवायचं नाही.

मग अंगणात, चार पावलांवरून. नाव घ्या, ‘ये’ म्हणा, एकदाच. आली की ‘हां’ आणि वडी. नाही आली तर पुन्हा पुन्हा ओरडू नका. दोन पावलं मागं सरका, खाली बसा, जीभ टाळ्याला लावून आवाज करा. दहा वेळा ‘ये, ये, ये’ केलं की तिच्या लेखी पहिल्या नऊ हाकांना अर्थच उरत नाही. एका बैठकीला तीन ते पाच मिनिटं, पंधरा वड्या. कंटाळायच्या आधी थांबा.

आठवड्याभरानं धुऱ्यावर. आता पट्ट्याला लांब दोर बांधा आणि तो जमिनीवर घसटू द्या. दोर ओढून आणण्यासाठी नसतो, निसटून जाऊ नये म्हणून असतो. हाक दिली, तिनं मान वळवली की तेवढ्यावरच ‘हां’ म्हणा. मान वळवणं हीच पहिली पायरी आहे. मोतीनं त्या रात्री तेवढं केलं होतं. पुढची पावलं शिकवायची राहिली होती.

वडी नेहमी हातातून द्या, तळवा उघडा ठेवून. जमिनीवर फेकायची नाही. यामागं फार गंभीर कारण आहे. आपल्या शिवारात कुणी रानडुकरांसाठी थिमेट हे विषारी कीटकनाशक लावलेले पिठाचे गोळे टाकतं, कुणी गावठी बॉम्ब ठेवतं. जमिनीवर पडलेलं उचलून खाण्याची सवय आपणच लावली तर ते आपल्याच हातानं झालं. बिजली आता खाली काही पडलेलं दिसलं की आधी माझ्याकडं बघते. त्या बघण्याला मी दोन वड्या देते.

हाक मारून रागवायचं नाही, कितीही उशिरा आली तरी. आणि प्रत्येक वेळी ‘ये’ म्हणून बांधून टाकायचं नाही. पाच वेळा बोलावलं तर चार वेळा वडी देऊन परत मोकळं सोडायचं. नाहीतर ‘ये’ म्हणजे साखळी हे ती आठवड्यात शिकते.

गल्लीतली बाकीची कुत्री जवळ असताना शिकवू नका. गार खाऊचा वास लागला की भांडणं होतात आणि मधे तुमचा हात असतो.

९. पोट आणि ऊन

नवीन वडी पहिल्या दिवशी तीन-चारच द्या. दुसऱ्या दिवशी विष्ठा घट्ट असेल तर पुढं जा. पातळ झाली तर दोन दिवस सगळा खाऊ बंद, साधी भाकरी किंवा भात आणि भरपूर पाणी. रक्त दिसलं, उलट्या थांबत नाहीत किंवा पिल्लू लहान असेल तर वाट बघू नका, डॉक्टरकडं न्या.

धावून आलेल्या, जोरात धापा टाकणाऱ्या कुत्र्याला आधी पाणी आणि सावली. श्वास बसला की मग वडी. लोटा उपडा केल्यासारखी लाळ गळतेय, हिरड्या गडद लाल झाल्यात, चालताना झोकांड्या जातायत, तर तिला ऊन लागलंय. गारवडी हा त्यावरचा इलाज नाही. सावलीत घेऊन अंगभर साधं पाणी ओता, सुपानं किंवा पंख्यानं वारा घाला, आणि अंग थोडं निवलं की ताबडतोब दवाखाना. घोंगडी किंवा ओलं गोणपाट अंगावर लपेटून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते.

१०. वड्या कमी करणं

महिन्या-दीड महिन्यानं प्रत्येक हाकेला वडी देणं थांबवा. कधी तिसऱ्या हाकेला, कधी पहिल्याच, कधी एकदम तीन. मधल्या वेळी ‘हां’ आणि मानेवर हात पुरतो. फक्त खऱ्या अवघड वेळी, म्हणजे रोही (नीलगाय), माकडं किंवा डुकरं सोडून ती तुमच्याकडं आली, तर खास वडीच द्या आणि मूठभर द्या. त्या हिशोबात कंजुषी करू नका.

मृग लागला, हवा गार झाली की कोरडी भाकरीही पुन्हा चालायला लागते. मी तेव्हा शेवटचा डबा संपवते, ताट सासूबाईंना परत देते आणि दोर मात्र खुंटीवरच ठेवते. पेरणीनंतर डुकरं परत येतात, आणि ओल्या वावरात पहिले आठ दिवस बिजलीला दोरावरच न्यावं लागतं.